दातांमागची तार : काढायची की ठेवायची?



पेसाखच्या थोडे आधी अश्दोदहून एका आजींचा फोन आला. सणाच्या साफसफाईतून वेळ काढून त्यांनी फोन केला होता, म्हणजे प्रश्न मनाला लागलेला होता. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, माझी नात 15 वर्षांची असताना तिच्या दातांना गेशेर बसवले. अर्धे पैसे मी माझ्या बचतीतून दिले. आता ती 23 वर्षांची आहे, सैन्यातून सुटून आली आहे. खालच्या दातांच्या मागे एक तार राहिली आहे, ती काढून टाकते म्हणते. शिनानीतने तिला सांगितले की तारेमागे अव्नीत साचले आहे, हिरड्यांतून रक्त येते. मैत्रिणींनी आपल्या तारा काढल्या, त्यांचे काही बिघडले नाही म्हणे. तार काढली तर दात पुन्हा वाकडे होतील का? आणि ठेवली तर हिरड्या खराब होतील का? माझे पैसे पाण्यात जायला नकोत, आणि पोरीचे दातही जायला नकोत."

आजींची भीती दोन्ही बाजूंनी खरी होती. घाईने काढलेल्या तारेमुळे सरळ झालेले दात वाकडे झालेले मी पाहिले आहेत. तशीच, वर्षानुवर्षे कोणीही न तपासलेल्या तारेमुळे हिरडी उतरलेली आणि दात किडलेलेही पाहिले आहेत. आपल्या समाजात आज जवळजवळ प्रत्येक घरात गेशेर केलेले एखादे मूल आहे. म्हणून या अंकात याच विषयावर सविस्तर लिहितो.

शब्दांचा घोटाळा

हिब्रूत गेशेर म्हणजे पूल. दात सरळ करण्यासाठी दातांच्या पुढच्या बाजूला चिकटवलेल्या छोट्या चौकोनी पट्ट्या आणि तार, ज्याला भारतात आपण ब्रेसेस म्हणतो, त्यालाही इथे गेशेर म्हणतात. आणि दात पडल्यावर शेजारच्या दातांच्या आधाराने जे खोटे दात पक्के बसवतात, त्यालाही गेशेरच म्हणतात. आजी-आजोबांच्या तोंडात दुसरा गेशेर, नातवंडांच्या तोंडात पहिला. त्यामुळे घरात बोलताना हमखास गोंधळ होतो. दवाखान्यात तोर घेताना नेमके कशाबद्दल विचारतो आहोत ते स्पष्ट सांगावे.

ब्रेसेस साधारण दीड-दोन वर्षांनी निघतात. त्यानंतर दात नव्या जागी धरून ठेवण्यासाठी जे साधन देतात, ते रिटेनर. त्याचे दोन प्रकार आहेत.

पहिला चिकटवलेला रिटेनर. स्टीलच्या अगदी बारीक तारा एकत्र पिळून केलेली तार पुढच्या सहा दातांच्या आतल्या बाजूला, एका सुळ्यापासून दुसऱ्या सुळ्यापर्यंत, दंतरंगाच्या सिमेंटने चिकटवतात. बाहेरून ती दिसत नाही, जिभेला मात्र लागते. इथे दवाखान्यात तिला किबुआ म्हणतात.

दुसरा काढता-घालता येणारा. यात एक जुनी तऱ्हा म्हणजे टाळूवर बसणारी प्लास्टिकची पट्टी आणि पुढून जाणारी तार. अमेरिकेतील चार्ल्स हॉली या दंतवैद्याने सुमारे शंभर वर्षांपूर्वी ती प्रचारात आणली, म्हणून तिला हॉली रिटेनर म्हणतात. इथे मुले तिला प्लाटा म्हणतात. दुसरी तऱ्हा म्हणजे दातांच्या मापाचे पारदर्शक प्लास्टिकचे आवरण. हल्ली हेच जास्त चालते.

दात परत का सरकतात?

पुष्कळांना वाटते की दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला असतो. तसे नाही. दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये असंख्य बारीक तंतूंचा पदर असतो. दात त्यात झोळीत टांगल्यासारखा असतो. ब्रेसेसने दात ढकलतो तेव्हा एका बाजूचे हाड विरघळते, दुसऱ्या बाजूला नवे तयार होते, आणि हे तंतू ताणले जातात.

ब्रेसेस निघाल्या म्हणजे काम संपले असे नसते. मुळाभोवतीचे तंतू नव्या जागेला सरावायला तीन-चार महिने घेतात. हिरडीतील जाड तंतूंना चार ते सहा महिने लागतात. हिरडीत जे रबरासारखे लवचीक तंतू असतात, त्यांना वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. एखादा दात जागच्या जागी गोल फिरवून सरळ केला असेल, तर हे लवचीक तंतू त्याला पुन्हा जुन्या दिशेला ओढत राहतात. म्हणून पहिल्या वर्षात रिटेनर बंद करणे सर्वांत धोक्याचे.

पण वर्ष उलटले म्हणजे मोकळे झालो असेही नाही. वयाबरोबर खालचा जबडा पुढच्या भागात थोडा थोडा आखूड होत जातो आणि खालचे पुढचे दात दाटीवाटीने उभे राहू लागतात. ज्यांनी आयुष्यात कधी ब्रेसेस लावल्या नाहीत, त्यांच्यातही हे घडते. आरशात पाहा. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या वाचकांना आपले खालचे दात तरुणपणाइतके सरळ राहिले नाहीत असेच बहुधा दिसेल. केस पांढरे होतात तसाच हा वयाचा बदल आहे.

अमेरिकेत सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात उपदाढा काढून ब्रेसेस केलेल्या रुग्णांना रिटेनर बंद केल्यानंतर दहा आणि वीस वर्षांनी पुन्हा बोलावून तपासले गेले. 1981 साली आणि 1988 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दहा वर्षांनी सुमारे दोन-तृतीयांश लोकांचे खालचे पुढचे दात पुन्हा असमाधानकारक झाले होते. वीस वर्षांनी दहांतल्या जेमतेम एकाचेच दात चांगले राहिले होते. कोणाचे राहतील आणि कोणाचे बिघडतील हे आधी सांगता येईल असे एकही खात्रीचे लक्षण सापडले नाही. तेव्हापासून दंतवैद्य सांगू लागले की जोवर दात सरळ हवे आहेत, तोवर कोणता ना कोणता रिटेनर हवाच.

मैत्रिणींनी तारा काढल्या आणि काही झाले नाही, याचे उत्तर यातच आहे. बदल महिन्यात दिसत नाही. तो सावकाश होतो, आणि आपण रोज आरशात पाहत असल्याने आपल्याला तो कळत नाही. पाच वर्षांपूर्वीचा फोटो काढून पाहिला की कळतो.

इथे आणखी एक समज दूर करू. "अक्कलदाढ आली आणि तिने पुढचे दात ढकलले" असे आपण सर्रास म्हणतो. ज्यांना अक्कलदाढा जन्मतःच नसतात, त्यांचेही खालचे दात वयाबरोबर गर्दी करतात. केवळ पुढचे दात वाकडे होऊ नयेत म्हणून अक्कलदाढ काढून घेण्यात अर्थ नाही. ती किडली, सुजली किंवा आडवी अडकली तर गोष्ट वेगळी.

तार काढणे केव्हा योग्य?

पुढील परिस्थितीत दंतवैद्य स्वतःच तार काढायला सांगतात.

1. हिरडीचा त्रास थांबत नसेल तेव्हा. जिभेखाली लाळेच्या ग्रंथींची तोंडे नेमकी खालच्या पुढच्या दातांच्या मागे उघडतात. लाळेतील क्षार तिथेच बसतात आणि दगडासारखे कीटण तयार होते. इथे त्यालाच अव्नीत म्हणतात. तार नसलेल्या तोंडातही ते तिथेच सर्वांत जास्त साचते, तार असली तर आणखी. पण नुसते अव्नीत साचले म्हणून लगेच तार काढायची नसते. आधी ते साफ करून घ्यावे, तारेखालून सफाई करायला शिकावे, दोन-तीन महिने पाहावे. त्यानंतरही रक्त येत राहिले, हिरडी उतरत गेली किंवा हाड कमी होऊ लागले, तर तार काढलेली बरी.

2. तार एखाद्या दातापासून सुटली असेल तेव्हा. सिमेंटचा ठिपका निघाला तर तो दात मोकळा होतो आणि एकटाच सरकतो. अर्धवट सुटलेल्या सिमेंटखाली अन्न शिरते आणि कीड लागते. तार चांगली असेल तर तेवढा ठिपका पुन्हा चिकटवतात, नाहीतर पूर्ण तार बदलतात किंवा काढतात.

3. तारच दात हलवू लागली असेल तेव्हा. ही गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. तार सगळीकडे घट्ट चिकटलेली असते, तरीही एखादा दात पुढे झुकतो, किंवा एका बाजूचा सुळा बाहेर वळतो आणि दुसऱ्या बाजूचा आत. चिकटवताना तारेत थोडा ताण राहिला असेल, किंवा कडक पदार्थ चावताना ती किंचित वाकली असेल, तर ती स्प्रिंगसारखी काम करू लागते. दाताचे मूळ हाडाच्या बाहेर ढकलले जाते आणि पुढून हिरडी खाली उतरते. हे लवकर ओळखले आणि तार काढली तर नुकसान तिथेच थांबवता येते. म्हणून "तार घट्ट आहे, म्हणजे सगळे ठीक" असे समजू नये.

4. डोके, जबडा किंवा जीभ यांचा एमआरआय करायचा असेल तेव्हा. स्टीलच्या तारेमुळे तोंडाजवळच्या भागाचे चित्र बिघडू शकते. गुडघ्याच्या किंवा पाठीच्या एमआरआयसाठी सहसा काढावी लागत नाही. तपासणी करणाऱ्यांना तारेविषयी आधी सांगावे आणि तार सैल नाही ना, हे दंतवैद्याकडून पाहून घ्यावे. काढायची की नाही ते एमआरआय करणारे डॉक्टर ठरवतील.

5. नीट सफाई करणे हाताला जमत नसेल तेव्हा. संधिवात, हाताला कंप किंवा दीर्घ आजार असेल, तर काढता येणारा रिटेनर जास्त सोयीचा.

कुणी काढू नये?

दोन पुढच्या दातांमध्ये मोठी फट होती आणि ती बंद केली आहे, अशांनी. दात फार फिरलेले होते अशांनी. टाळूत अडकलेला सुळा ओढून जागेवर आणला आहे अशांनी. फाटलेल्या टाळूवर लहानपणी शस्त्रक्रिया झालेल्यांनी. या सगळ्यांमध्ये दात परत जाण्याचा जोर जास्त असतो.

एखादा दात जन्मतःच नाही आणि पुढे तिथे इम्प्लांट बसवायचे आहे, म्हणून जागा राखून ठेवली असेल, तर तार मुळीच काढू नये. इम्प्लांट वाढ पूर्ण झाल्यावरच बसवतात, तोवर काही वर्षे जातात. तेवढ्यात जागा मिटली तर पुन्हा ब्रेसेस करण्यावाचून उपाय राहत नाही.

मोठ्या वयाच्या काही जणांचे दात हिरडीच्या आजाराने सैल झालेले असतात आणि तारेने एकमेकांना बांधून आधार दिलेला असतो. ती तार दिसायला रिटेनरसारखीच असते. नातवंडांचे पाहून ती काढून मागू नये. मधुमेह असणाऱ्यांनी तर विशेष लक्ष द्यावे. साखर वाढलेली राहिली की हिरड्यांचा आजार वाढतो, आणि हिरड्या सुजलेल्या राहिल्या की साखर आटोक्यात ठेवणे अवघड जाते.

मिकवेचा प्रश्न

लग्नाआधी आमच्याकडे मुली येतात आणि म्हणतात, तव्हिलासाठी तार काढून द्या. काढता येणारा रिटेनर पाण्यात उतरण्यापूर्वी काढून ठेवायचा असतो, त्यात अडचण नाही. पण वर्षानुवर्षांसाठी पक्क्या बसवलेल्या तारेला पुष्कळ रब्बी अडथळा मानत नाहीत. तेव्हा कुणाच्या ऐकीव सांगण्यावरून लग्नाच्या गडबडीत तार काढून घेऊ नये. आपल्या रब्बींना आधी विचारावे. विचारताना तार कायमची बसवली आहे, की काही आठवड्यांनी काढायचीच आहे, हे नीट सांगावे. निर्णय त्यावर अवलंबून असतो.

तार काढतात कशी?

लोक घाबरतात, पण हे काम सोपे आहे. बहुधा सुईची गरज नसते. दंतवैद्य सावकाश फिरणाऱ्या बारीक बरने सिमेंटचे ठिपके पातळ करतात, चिमट्याने तार सोडवतात, दातावर राहिलेले सिमेंट थोडे थोडे घासून काढतात आणि शेवटी रबराच्या चाकाने दात गुळगुळीत करतात. अर्धा तास पुरतो. थोडी कंपने जाणवतात, थंड पाण्याची शिरशिरी येते, एवढेच.

सिमेंटचा रंग दातासारखाच असल्याने ते कुठे संपते आणि एनॅमल कुठे सुरू होते हे पाहायला नजर आणि सराव लागतो. एनॅमल एकदा गेले की परत येत नाही. घरी नेलकटरने किंवा पक्कडीने तार तोडणारी मुले मी पाहिली आहेत. असे कधीही करू नये. सुटलेले टोक जिभेला लागत असेल तर इथल्या फार्मसीत ब्रेसेसवर लावायचे मेण मिळते. ते टोकावर दाबून बसवावे आणि तोर घ्यावा.

काढल्यावर दोन-चार दिवस जीभ सारखी तिथेच जाते. दात उघडे, पातळ वाटतात. जिथे अव्नीत होते तिथे दातांमध्ये फटी दिसतात आणि लोक म्हणतात, "डॉक्टरने दात घासून फटी पाडल्या." त्या फटी आधीपासून होत्या, कीटणाने भरल्या होत्या. आता हिरडीला पुन्हा बसायला जागा मिळते.

क्रम चुकवू नका

सर्वांत मोठी चूक इथे होते. तार आज काढली आणि "रिटेनरचे पुढे बघू" म्हणून निघून गेले. पुढचा तोर महिन्याने मिळतो. तेवढ्यात दात हलतात आणि नंतर बनवलेला रिटेनर हललेल्या दातांच्या मापाचा होतो. खरा क्रम असा :

आधी तपासणी करावी. हिरड्यांची खोली मोजावी, गरज असेल तर त्सिलूम काढावा, दातांचे फोटो घ्यावेत. मग अव्नीत काढून हिरड्या बऱ्या होऊ द्याव्यात. त्यानंतर तार काढून त्याच बैठकीत दातांचे माप घ्यावे. आणि त्याच दिवशी, फार तर एक-दोन दिवसांत, काढता येणारा रिटेनर हातात पडावा. रिटेनर कधी मिळणार हे ठरल्याशिवाय तार काढायला खुर्चीत बसू नये.

वेळही बघावी. सैन्यात भरती होण्याच्या, लग्नाच्या किंवा लांबच्या प्रवासाच्या आदल्या आठवड्यात तार काढू नये. निदान दोन महिने हाताशी असावेत, म्हणजे नवा रिटेनर नीट बसतो का ते तपासता येते.

ब्रेसेस नुकत्याच निघालेल्या मुलांनी काढता येणारा रिटेनर पहिले काही महिने डॉक्टर सांगतील तितके तास, पुष्कळदा जेवण सोडून दिवसभर, घालावा आणि मग रोज रात्री. अनेक वर्षांनी तार काढलेल्यांना बहुधा रात्रीचा पुरतो. एक सोपी खूण सांगतो. रात्री घालताना रिटेनर घट्ट वाटला तर समजावे की दात हलू पाहत आहेत, तास वाढवावेत. सहज बसला तर ठीक. बसतच नसेल तर जोर करू नये, लगेच दाखवावे.

रिटेनर थंड किंवा कोमट पाण्यात मऊ ब्रशने धुवावा. उकळत्या पाण्यात टाकू नये, तो वाकतो. इथल्या उन्हाळ्यात बंद गाडीत डॅशबोर्डवर ठेवला तरी वाकतो. जेवताना कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवू नये. सेदरच्या रात्री वीस माणसांची ताटे उचलताना असे कितीतरी रिटेनर कचऱ्यात गेले आहेत. तो नेहमी डबीत ठेवावा. शक्य असेल तर दोन करून घ्यावेत.

ठेवायची ठरवली तर

तार ठेवणे हाही चांगला निर्णय आहे, पण ती "लावली आणि विसरलो" अशी गोष्ट नाही.

रोज तारेखालून सफाई करावी. साधा दंतदोरा तारेमुळे वरून जात नाही. टोक कडक असलेला खास दंतदोरा किंवा दोरा ओवायची प्लास्टिकची सुई मिळते. तो तारेखालून ओवून दोन्ही दातांच्या कडा घासाव्यात. दातांमधला बारीक ब्रशही चालतो. फ्लोराइड असलेली टूथपेस्ट वापरावी. इस्राएलमध्ये नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळणे 2014 साली बंद झाले, म्हणून टूथपेस्टमधील फ्लोराइडचे महत्त्व आणखी वाढले आहे.

सहा महिन्यांनी शिनानीतकडे जावे, आणि वर्षातून एकदा तरी तार तपासून घ्यावी. सफाईसाठी गेल्यावर स्वतःहून विचारावे, "तार प्रत्येक दाताला चिकटलेली आहे का? एखादा दात हललेला दिसतो का?" ब्रेसेस करणारे डॉक्टर काही काळाने आपल्याला बोलावणे थांबवतात, आणि नेहमीच्या दंतवैद्याला वाटते की ते काम दुसऱ्याचे आहे. या दोघांच्या मध्ये तार अनाथ होते. तिची चौकशी आपणच ठेवावी.

खाण्याच्या सवयीही बघा. शब्बाथच्या दुपारी गप्पा मारत सूर्यफुलाच्या बिया पुढच्या दातांनी फोडणे हे इथे सगळ्यांचेच आवडते काम. तार सुटण्याचे मी पाहिलेले सर्वांत नेहमीचे कारण तेच. चिक्की, ऊस, कच्चा पेरू हेही पुढच्या दातांनी तोडू नये. मलिद्यातील बदाम आणि खोबऱ्याचे तुकडे दाढेखाली घ्यावेत. सफरचंद कापून खावे.

महिन्यातून एकदा फोनवर खालच्या दातांचा फोटो काढून ठेवावा. पुढून एक, वरून एक. वर्षाने पहिला आणि शेवटचा फोटो शेजारी ठेवून पाहावा. हा पुरावा डॉक्टरलाही उपयोगी पडतो.

पैशांविषयी

मुलांचे दातांचे उपचार 2010 पासून टप्प्याटप्प्याने सरकारी आरोग्य विम्यात आले आणि आता 18 वर्षांपर्यंतच्या मुलांना कुपात खोलीमतर्फे मिळतात. पण दात सरळ करण्याचे उपचार, काही विशेष आजार सोडल्यास, त्यात येत नाहीत. पूरक विमा असेल तर सवलत मिळते. ती किती आणि कोणत्या वयापर्यंत, हे प्रत्येक कुपात खोलीममध्ये वेगळे असते, म्हणून सही करण्यापूर्वी विचारावे.

त्याच वेळी आणखी चार गोष्टी लिहून घ्याव्यात. रिटेनर किमतीत धरला आहे का? हरवला किंवा तुटला तर दुसऱ्याचे किती? ब्रेसेस निघाल्यावर किती वर्षे तपासणी फुकट? आणि पुढे तार काढायची झाली तर त्याचे वेगळे पैसे पडतील का? डॉक्टर निवृत्त झाले किंवा दवाखाना बंद झाला, तरी आपल्या नोंदी आपल्या हाती असाव्यात. 1996 च्या रुग्णहक्क कायद्याने आपल्या वैद्यकीय नोंदींची प्रत मागण्याचा हक्क आपल्याला दिला आहे. उपचार संपताना फोटो, त्सिलूम आणि दातांचे माप यांची प्रत मागून घ्यावी. पुढे दात हलले की नाहीत, हे त्यावरूनच कळते.

वाचकांचे काही प्रश्न

माझे वय 41. मी विसाव्या वर्षी तार काढली. खालचे दात वाकडे झाले आहेत. आता काही होईल का?
होईल. हिरड्या निरोगी असतील तर दात कोणत्याही वयात हलवता येतात. थोडाच बदल असेल तर पारदर्शक साच्यांनी काही महिन्यांत काम होते. पण नुसत्या दिसण्याचा त्रास नसेल आणि सफाई नीट होत असेल, तर तसेच ठेवले तरी पाप नाही. निदान आणखी बिघडू नयेत म्हणून आज आहेत त्या मापाचा रिटेनर करून घ्यावा.

जुना रिटेनर कपाटात सापडला. घालू का?
सहज बसत असेल तर घालून दंतवैद्याला दाखवा. दुखत असेल, वर उचलला जात असेल, तर नको. हललेल्या दातांवर जोर पडतो.

वरची तार काढून खालची ठेवली तर चालेल का?
पुष्कळदा तसेच करतात. वरची तार खालच्या दातांच्या चावण्यात येते आणि जास्त वेळा सुटते. खालच्या दातांना सरकायची खोड जास्त. प्रत्येक तारेचा निर्णय वेगळा घ्यावा.

गरोदरपणात हिरड्यांतून रक्त येते. तार काढू का?
केवळ तेवढ्यासाठी नको. त्या काळात हिरड्या लवकर सुजतात. सफाई वाढवावी, शिनानीतकडे जावे. बाळंतपणानंतर पुन्हा तपासून ठरवावे.

आजींच्या नातीचे काय झाले?

आजींना मी फोनवर हो किंवा नाही असे उत्तर दिले नाही. नातीला घेऊन या म्हटले. तिचे दात सरळ होते. पण डाव्या सुळ्यावरचा सिमेंटचा ठिपका सुटला होता, त्याखाली काळसर डाग पडू लागला होता, आणि रक्त नेमके त्याच बाजूने येत होते. गेल्या पाच वर्षांत तार कोणी तपासली नव्हती. मुलगी म्हणाली, "सैन्यात असताना दात घासायला वेळ मिळाला तरी पुष्कळ होते."

आधी अव्नीत काढले. तीन आठवड्यांत रक्त बरेच थांबले. मुलीला सप्टेंबरमध्ये चार महिन्यांसाठी भारतात जायचे होते, मुंबई आणि मग कोकणात पणजोबांचे गाव पाहायला. आता नुसता ठिपका चिकटवून पाठवला आणि तो परत सुटला, तर चार महिने कोणाच्या लक्षात आले नसते. म्हणून प्रवासाच्या दोन महिने आधी तार काढली, सुळ्यावरचा डाग साफ करून भरला, त्याच दिवशी माप घेतले आणि दुसऱ्या दिवशी पारदर्शक रिटेनर दिला, दोन जोड. एक तिच्या सामानात, एक आजींच्या कपाटात. सहा आठवड्यांनी पाहिले, दात जागच्या जागी होते.

आजींनी विचारले, "आणि ती रात्री घालायला विसरली तर?"

मी म्हटले, "आजी, तार होती तेव्हा दात सांभाळायचे काम तारेचे होते. आता ते तिचे स्वतःचे आहे."

त्यांना ते पूर्ण पटले नसावे. परवा कळले की अलिबागला पोहोचलेल्या नातीला रोज रात्री अश्दोदहून व्हॉट्सॲपवर एकच संदेश जातो, "घातलास का?" आणि रोज उत्तर येते, "हो, आजी."

थोडक्यात लक्षात ठेवा

तार स्वतः तोडू नका आणि घाईने काढून घेऊ नका.
तार आहे तर वर्षातून एकदा तरी ती तपासून घ्या, घट्ट वाटत असली तरी.
रक्त येते म्हणून आधी सफाई करा, मग तारेचा निर्णय घ्या.
नवा रिटेनर ठरल्याशिवाय जुनी तार काढू नका.
दात सरळ राहावेत असे वाटते तोपर्यंत रात्रीचा रिटेनर चालू ठेवा.

आपले प्रश्न संपादकांच्या पत्त्यावर जरूर पाठवा. मराठीत लिहा किंवा हिब्रूत, उत्तर याच सदरातून देईन.